कुंभारीच्या लेकरांची वाचा कोणी अडवली?

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या माळावर पंतप्रधान आले आणि रे नगरातील पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात गेली. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या माणसांनी स्वतःच्या नावाच्या उंबऱ्यात पाऊल टाकले. ही घरे कोणी खिरापत म्हणून वाटलेली नाहीत. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या मागे वर्षानुवर्षे मोर्चे काढून आणि पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांतून ती मिळवलेली आहेत. त्याआधी २००६ साली याच शिवारात गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा लोकार्पणाला डॉ. मनमोहन सिंग आले होते. दोन पंतप्रधानांचे पाय लागलेल्या या गावाच्या वतीने आम्ही आज एक फिर्याद मांडत आहोत. ती केंद्र सरकारविरुद्ध आहे, राज्य सरकारविरुद्ध आहे आणि वाचा-उपचारकांची नोंदणी व शिक्षण ज्यांच्या हाती आहे त्या भारतीय पुनर्वास परिषदेविरुद्धही आहे. बोलू शकतील अशी लेकरे या सर्वांनी मिळून मुकी ठेवली आहेत, हा आमचा आरोप आहे.

आरोप मोठा आहे, म्हणून आधी आजार समजून घ्या. मूल चार वर्षांचे आहे. कान तल्लख, नजर तल्लख. ‘चप्पल आण’ म्हटले की आणते, लपवलेला खाऊ शोधून काढते, मोबाइलवरचे गाणे लावून घेते. ओठ, जीभ, टाळू जागच्या जागी आहेत, घास गिळताना अडचण नाही. पण ‘पाणी’ म्हणायला गेले की एकदा ‘पाती’ निघते, दुसऱ्यांदा ‘आनी’, तिसऱ्यांदा नुसताच ‘आ’. हवा असलेला शब्द डोक्यात स्पष्ट असतो, मात्र तो उच्चारण्यासाठी जिभेने कुठे जायचे, ओठ कधी मिटायचे, आवाज कोणत्या क्षणी सोडायचा, या हालचालींचा आराखडा मेंदूत नीट जुळत नाही. याला बालवयातील वाचेचा ॲप्रॅक्सिया म्हणतात. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २००७ साली त्याच्या तीन खुणा नोंदवल्या: तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना दर वेळी वेगळी चूक होणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना खंड पडणे किंवा ओढाताण होणे, आणि बोलण्याची लय व आघात बिघडणे. मूल मंद नाही, आळशी नाही, हट्टी नाही. आईने गरोदरपणी ग्रहण पाहिले म्हणून हे झालेले नाही. लंडनमधल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत हा दोष उतरला होता आणि २००१ साली संशोधकांनी त्याचे मूळ फॉक्सपी-टू नावाच्या एका जनुकात शोधून काढले. प्रत्येक मुलात तेच जनुक कारण असते असे नाही, बहुतेकांत कारण सापडतही नाही. पण आईच्या माथी दोष मारण्याचा हक्क सासूला, शेजारणीला किंवा डॉक्टरला उरलेला नाही, एवढे तेव्हापासून पक्के झाले आहे.

हा आजार दुर्मीळ आहे, त्यासाठी यंत्रणा कशाला राबवायची, असे अधिकारी म्हणतील. मग हिशेब करू. जाणकारांचा अंदाज हजार मुलांमागे एक ते दोन असा आहे. रे नगरची संपूर्ण योजना तीस हजार घरांची. घरटी एकच मूल धरले तरी या एका वसाहतीत तीस ते साठ लेकरे निघतात. गोदूताई वसाहत वेगळी, मूळ गाव वेगळे, तालुका आणि जिल्हा तर पुढेच राहिले. ज्या गावात एवढी मुले पटकीने आजारी पडली असती, तिथे आरोग्य खात्याच्या गाड्यांची रांग लागली असती. वाचा गेलेल्या मुलाला ताप येत नाही, त्याला मरण येत नाही, म्हणून त्याची साथ कोणी मोजत नाही. २०११ च्या जनगणनेने देशात वाचेचे अपंगत्व असलेली सुमारे वीस लाख माणसे मोजली. त्यांत किती मुले होती ज्यांना योग्य उपचार मिळाले असते तर ती त्या यादीत आलीच नसती, हे विचारण्याची तसदी कोणत्याही खात्याने घेतली नाही.

आता पाहा त्या मुलाच्या वाट्याला काय येते. पहिली दोन वर्षे ‘बोलेल, बोलेल’ मध्ये जातात. त्याचा बाप उशिरा बोलला, मामा उशिरा बोलला, मुलगे उशिराच बोलतात. मग वेखंड उगाळून चाटवतात, मध लावतात, नवस बोलतात. कोणी सांगते जीभ जड आहे, जिभेखालची शीर कापून घ्या. जिथे काही बांधलेलेच नाही तिथे कात्री चालते. आम्ही या आयांना दोष देत नाही. कोणीच काही सांगत नसेल तर माणूस वेखंडच उगाळणार. आमचा संताप आहे तो पदवी घेऊन बसलेल्या, आणि ‘पाच वर्षांपर्यंत थांबा’ असे सांगून फी घेणाऱ्या माणसांवर. तीन ते सहा हे वय उपचाराला सर्वांत मोलाचे. त्या वयातले थांबणे म्हणजे मुलाचे आयुष्य जाळणे आहे, आणि हे सांगणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवे. ऐकू येते की नाही याची तपासणीसुद्धा न करता ‘थांबा’ म्हणणारा तर गुन्हेगारच आहे.

पुढे काही घरांत मूल कसेबसे वाचा-उपचारकापर्यंत पोहोचते. सोलापुरात, पुण्यात, हैदराबादला. आणि तिथे त्याच्या हातात शिट्टी दिली जाते. फुगा फुगव, मेणबत्ती विझव, साबणाचे बुडबुडे काढ, जिभेने गालावरचा मध चाट. जिभेचे स्नायू बळकट झाले की बोलणे येईल, असा समज त्यामागे आहे. या मुलाच्या स्नायूंत अशक्तपणा नसतोच, मग बळकट काय करायचे? बोलण्याविना केलेल्या तोंडाच्या या कसरतींनी बोलणे सुधारते याला पुरावा नाही, असे शास्त्रीय आढाव्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच सांगितले. तरी आमच्या गावोगावच्या दवाखान्यांत शिट्ट्या वाजतच आहेत. आठवड्यातून एकदा अर्धा तास, आणि त्यातली वीस मिनिटे फुगे फुगवण्यात. आईला वाटते उपचार चालू आहेत. वर्षभराने मूल शिट्टी उत्तम वाजवते आणि ‘आई’ म्हणत नाही.

खरा उपचार कसा असतो, हे कुंभारीच्या बाईला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा लवकर समजेल. ती विडी वळायला कशी शिकली ते तिने आठवावे. कोणी तिला बोटांचे व्यायाम दिले नव्हते. आईच्या शेजारी सूप घेऊन ती बसली. पान कापणे, तंबाखू पसरणे, वळणे, टोक मुडपणे, दोरा बांधणे, हे सगळे आईच्या हाताकडे पाहत, चुकले की आईकडून बोट धरून दुरुस्त करून घेत, रोज, शेकडो वेळा. पहिल्या दिवशी दहा विड्या, त्यांतल्या सात फुकट. मग हळूहळू आईचा हात सुटला, आणि आज तिचे डोळे दूरदर्शनवर असतात तरी बोटे चुकत नाहीत. वाचेची हालचाल अगदी तशीच शिकावी लागते. मुलाने उपचारकाच्या तोंडाकडे पाहायचे, ऐकायचे आणि त्याच्याबरोबरच म्हणायचे. आधी अगदी संथ, एकत्र, गरज पडेल तिथे उपचारकाने बोटाने ओठ किंवा हनुवटी धरून वाट दाखवायची. जमू लागले की आधार काढून घ्यायचा, आधी नुसते दाखवून म्हणवून घ्यायचे, मग क्षणभर थांबून, मग प्रश्नाच्या उत्तरात. नुसत्या सुट्या ध्वनीवर वेळ घालवायचा नाही, शब्दच घ्यायचे, मुलाच्या रोजच्या गरजेचे मोजके शब्द. एका बैठकीत शंभरावर उच्चार, आणि बैठका आठवड्यातून तीन-चार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एडिथ स्ट्रँड यांनी या धर्तीवर डीटीटीसी ही पद्धत बसवली. सिडनी विद्यापीठात ‘रेस्ट’ नावाची पद्धत तयार झाली, लंडनच्या नफील्ड केंद्राने आपला चित्रांचा कार्यक्रम केला. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने जगभरचा पुरावा चाळला, तेव्हा त्यांना काटेकोर म्हणावी अशी एकच चाचणी सापडली, चार ते बारा वयाच्या २६ मुलांची. रेस्ट आणि नफील्ड या दोन पद्धतींची त्यात तुलना होती. आठवड्यातून चार दिवस, रोज तासभर, तीन आठवडे. दोन्ही गटांत मुलांचे बोलणे सुधारले. पुरावा अजून थोडाच आहे, पण त्याची दिशा स्पष्ट आहे. वारंवार, भरपूर, अचूक सराव हवा, आणि तो घेणारा हात तयार हवा.

तो तयार हात कुठे आहे? या प्रश्नापाशी आपल्या राज्यकर्त्यांची सारी लबाडी उघडी पडते.

महाराष्ट्र या विद्येत मागासलेला नव्हता. साठच्या दशकातच मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचा-श्रवणाचे शिक्षण सुरू झाले. त्याच दशकात म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था उभी राहिली. १९८३ साली वांद्र्यात केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आली. देशातल्या या विद्येच्या प्रमुख केंद्रांपैकी दोन आपल्या मुंबईत. आणि साठ वर्षांनंतर सोलापूरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या कुंभारीपर्यंत या विद्येचा हात पोहोचत नाही! चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्याला ऐकण्याची सारी यंत्रे, श्रवणयंत्रे, कॉक्लिअर इम्प्लांट, तोतरेपणा, घोगरेपणा, पक्षाघातानंतरची वाचा आणि मुलांचे भाषादोष, हे सारे शिकायचे असते. ॲप्रॅक्सियाच्या वाट्याला त्यात किती वेळ येणार? पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना आम्ही नालायक म्हणत नाही. त्यांतल्या अनेकांनी असे एकही मूल कोणा जाणत्याच्या देखरेखीखाली हाताळलेले नसते. सुरुवातीच्या शिक्षणानंतरचे खास प्रशिक्षण हा चैनीचा भाग मानला गेला, म्हणून त्यांच्या हातात शिट्टी राहिली.

अमेरिकेत ॲप्रॅक्सिया असलेल्या मुलांच्या पालकांनी ‘ॲप्रॅक्सिया किड्स’ ही संस्था उभारली. ती निवडक उपचारकांना मुरलेल्या तज्ज्ञांच्या हाताखाली सघन प्रशिक्षण देते. शिकणारा आपली उपचाराची पद्धत तज्ज्ञांसमोर ठेवतो, चुका दाखवून घेतो, आणि तयार झाला की आपल्या भागात इतरांना मार्गदर्शन करतो. पालकांनी हे केले! आमच्याकडे एका कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे, दोन केंद्रीय मंत्रालये आहेत, राष्ट्रीय संस्था आहेत, आणि त्यांना हे सुचले नाही. पैसे नाहीत, अशी सबब आता चालणार नाही. डीटीटीसीचा मूळ पाठ आज इंटरनेटवर मोफत मिळतो, सिडनीच्या रेस्टचे साहित्यही मोफत मिळते. पुस्तकी ज्ञानासाठी डॉलर लागत नाहीत. देखरेखीखालचा हात मात्र इंटरनेटवरून येत नाही. तो इथे, या मातीत तयार करावा लागतो, आणि तेवढेच काम आमच्या यंत्रणेने केलेले नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेकडे वळू. १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार दिले. उपचारकाने नोंदणी करायची, ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करायचे, आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण मिळवायचे. योजना कागदावर चांगली आहे. प्रत्यक्षात काय चालते? सभागृह भाड्याने घेतले जाते, दिवसभर पडद्यावर पानांमागून पाने सरकतात, दुपारी जेवण होते, हजेरीपत्रकावर सही पडते आणि गुण खात्यात जमा होतात. कोविडनंतर सभागृहाचीही गरज उरली नाही. संगणक चालू ठेवून माणूस दुसरीकडे गेला तरी भागते. एखाद्या उपचारकाने मुलाला हाताळताना पाहिले जाते का? नाही. वर्षभराने त्या मुलाचे बोलणे किती सुधारले, असे विचारले जाते का? नाही. पोहणारा पाण्यात उतरला की नाही हे न पाहता त्याला प्रमाणपत्र देणारी ही परिषद आहे. आणि नोंदणीच नसताना वाचा-उपचारक म्हणून पाटी लावणाऱ्यांचे काय? त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात शिक्षा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! एका मुलाच्या पालकांकडून दोन-तीन बैठकांत तेवढे वसूल होते. हा दंड म्हणजे बोगस उपचारकाला सरकारने दिलेला परवाना आहे. तीन दशके तो आकडा जागचा हलला नाही.

आता आरोग्य खाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच महाराष्ट्रात, पालघरला झाला. अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासायची, शाळेतली एकदा. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांत तीस अवस्था ठरवलेल्या, त्यांत ‘भाषाविकासातील विलंब’ स्पष्ट लिहिलेला. तपासणीत सापडलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, आणि तिथल्या मंजूर चमूत वाचा-श्रवणतज्ज्ञाचे पद. वाचून कोणालाही वाटेल, झाले की! पण त्या पदावरचा माणूस कंत्राटी. अकरा महिन्यांच्या आदेशावर जगणाऱ्या, पुढच्या वर्षी इथे असू की नाही याची खात्री नसलेल्या माणसाकडून आपण अपेक्षा करतो की त्याने स्वखर्चाने प्रगत प्रशिक्षण घ्यावे आणि एकेका मुलाला आठवड्यातून चारदा, वर्षभर शिकवावे! जिल्ह्याच्या एका खोलीत एक माणूस, आणि त्याच्यासमोर अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, करमाळ्यापासूनची रांग. त्याच्या वाट्याला आलेल्या मुलाला महिन्यातून एकदा वेळ मिळाली तरी नशीब. महिन्यातून एकदा विडी वळून कोणी कामगार झाले आहे का?

या मुलाची जबाबदारी अशी वाटली गेली आहे: तपासणी आरोग्य खात्याची, उपचारकाचे शिक्षण व नोंदणी दिल्लीच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची, शाळा शिक्षण खात्याची, कल्याण दिव्यांग विभागाचे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला आणि देशात पहिले म्हणून छाती फुगवली. त्या विभागाच्या दप्तरात या मुलाची नोंद कुठल्या रकान्यात होते, हे मंत्र्यांनी जाहीर सभेत सांगावे.

कारण कायद्यातच त्याला जागा नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत आणि ‘वाचा व भाषा अपंगत्व’ हा त्यांतला एक. त्याची व्याख्या वाचा: स्वरयंत्र काढून टाकणे किंवा ॲफेसिया यांसारख्या अवस्थांतून आलेले कायमचे अपंगत्व. घशाच्या कर्करोगाने स्वरयंत्र गमावलेला प्रौढ आणि पक्षाघाताने वाचा गेलेला वृद्ध, हे दोन त्या लेखणीला आठवले. ज्याने अजून बोलायलाच सुरुवात केलेली नाही, ते मूल आठवले नाही. आणि ‘कायमचे’ हा शब्द तर अन्यायाचा कळस आहे. उपचार मिळाले तर या मुलाचे अपंगत्व कायमचे राहतच नाही. म्हणजे प्रमाणपत्र हवे असेल तर आधी उपचाराचे वय हुकू द्या, मूल कायमचे बिघडू द्या, मग या! नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचे संरक्षण आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना लागू. ॲप्रॅक्सियाच्या मुलाला तिचे दार बंद. अशा वेळी एखाद्या बापाला ‘स्वमग्नता’ असे खोटे लेबल लावून घ्यायचा मोह झाला, तर त्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार या सरकारला नाही. खोटे बोलायला कायद्यानेच त्याला भाग पाडले.

आणि भाषेचे काय? सोलापूर जिल्ह्याचा हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांना दिसतच नाही. कुंभारीच्या एका गल्लीत पद्मशाली घरात तेलुगू, शेजारी कन्नड, समोर दख्खनी उर्दू, पलीकडे मराठी. शाळेची भाषा आणखी वेगळी. या मुलाला सर्वांत आधी लागणारा शब्द नकाराचा. मराठी घरात तो ‘नको’, तेलुगू घरात ‘वद्दु’, कन्नड घरात ‘बेड’, दख्खनीत ‘नक्को’. ‘नको’ आणि ‘नक्को’ जवळचे, पण ‘वद्दु’ आणि ‘बेड’ यांना जिभेची आणि ओठांची वाट अगदी वेगळी. ‘वद्दु’ म्हणायला ओठांपासून निघून दातांवर जोर धरावा लागतो, ‘बेड’मध्ये ओठ उघडून जीभ मागे वळवावी लागते. जी चाचणी, जी शब्दयादी इंग्रजी मुलांसाठी बनली, ती इथे जशीच्या तशी आणून काय उपयोग? रेस्टमधले बनावट शब्द इंग्रजीच्या ठसठशीत आघातावर बेतलेले आहेत. मराठीत तसा आघात नाही. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आहे, महाप्राण आहेत, ‘ळ’ आणि ‘ण’ आहेत, ‘चार’मधला आणि ‘चमचा’मधला असे दोन वेगळे ‘च’ आहेत. मराठी मुलासाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी शब्दांची शिडी मराठीच्या जाणत्यांनी बांधायला हवी, तेलुगूची तेलुगूच्या. हे काम विद्यापीठांचे आहे. भाषेच्या अभिजात दर्जाचे ढोल बडवणाऱ्या सरकारला विचारा, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दर्जा मिळाल्यापासून मुक्या मराठी मुलासाठी किती रुपये बाजूला काढले?

उलट घडते असे, की उपचारक आईला सांगतो, घरात तेलुगू बंद करा, एकच भाषा बोला, जमल्यास इंग्रजी बोला. हा सल्ला अज्ञानाचा आहे आणि क्रूर आहे. घरात दोन भाषा असल्याने ॲप्रॅक्सिया होत नाही आणि एक भाषा काढून घेतल्याने तो जातही नाही. ज्या आईला इंग्रजीची दोन वाक्ये येत नाहीत, तिच्या तोंडातली तेलुगू काढून घेतली तर त्या घरात शांतता उरते. मुलाशी कोणी बोलेनासे होते. त्याला आजीच्या हाका समजतात, तेवढाच त्याचा आधार असतो, तोही काढून घ्यायचा!

पैशाचा हिशेब आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सांगताना हात थरथरतो. विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. आठवड्यातून चारदा मुलाला घेऊन कुंभारीहून सोलापूर गाठायचे, तर चार अर्धे दिवस विड्या कमी वळायच्या. एसटीचे किंवा रिक्षाचे भाडे वेगळे, बैठकीची फी वेगळी. एका मुलाची वाचा की उरलेल्या मुलांची भाकरी, हा प्रश्न आपण त्या आईसमोर ठेवला आहे. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसला होता, त्यातून दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. कामगाराच्या छातीत गेलेली तंबाखूची धूळ तशीच राहिली, त्याच्या नावाचा पैसा मात्र सरकारच्या मोठ्या तिजोरीत विरून गेला.

म्हणून आम्ही मागतो ते दान नाही. उपचार कुंभारीत आले पाहिजेत. जागा शोधायची गरज नाही. याच गावात अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अली यावर जंग संस्थेने आणि म्हैसूरच्या संस्थेने आपले जाणते शिक्षक इथे पाठवावेत, एका दिवसाच्या भाषणासाठी नव्हे तर महिनाभराच्या मुक्कामासाठी. जिल्ह्यातल्या प्रत्येक उपचारकाने, सरकारी असो की खासगी, खरी मुले खऱ्या देखरेखीखाली हाताळावीत. त्या काळात सरकारी उपचारकाला पूर्ण पगार मिळावा आणि खासगी उपचारकाला भत्ता. त्यानंतर सहा महिने त्यांच्या उपचाराची ध्वनिचित्रे पाहून दुरुस्त्या सांगणारा माणूस नेमावा. पुनर्वास परिषदेने हे प्रशिक्षण घेतल्यावरच गुण द्यावेत आणि सभागृहातल्या झोपेचे गुण बंद करावेत. शीघ्र हस्तक्षेप केंद्रातली पदे कायम करावीत, आणि रे नगर व गोदूताई वसाहतीतल्या अंगणवाडीतच आठवड्यातून चार दिवस वाचा-उपचार सुरू करावेत. तेलुगू आणि कन्नड जाणणारे उपचारक त्यासाठी सोलापुरातच मिळतील, त्यांना शोधण्याची इच्छा असली तर. शेजारच्या विजयपूर, कलबुर्गीशी आणि हैदराबादशीही हातमिळवणी करता येईल, सीमा आड येऊ देऊ नका. २०१६ च्या अधिनियमाची व्याख्या बदलण्यासाठी सोलापूरच्या खासदारांनी संसदेत खासगी विधेयक मांडावे. तेराव्या कलमाचा दंड लाखांत न्यावा.

काही सज्जन म्हणतील, भाषा जरा सौम्य हवी होती. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या बाजूने लिहिताना आम्हाला सौम्यता परवडत नाही, कारण ते स्वतः एक शब्दही नीट उच्चारू शकत नाही आणि त्याच्या आईला मंत्रालयाचा जिना माहीत नाही. ज्या कुंभारीच्या बायकांनी घरांसाठी लढून दोन पंतप्रधानांना या माळावर यायला लावले, त्यांना आमचे सांगणे आहे: युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात हा मुद्दा घाला. तुमच्या गल्लीतले तीन वर्षांचे मूल बोलत नसेल तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग आरोग्य पथकाकडे लेखी नोंद मागा आणि नोंदीची प्रत घरी ठेवा. कोणी शिट्टी हातात दिली तर विचारा, यातून शब्द कधी येणार. आणि येत्या अर्थसंकल्पात सोलापूर जिल्ह्यासाठी वाचा-उपचारकांच्या कायम पदांची व प्रशिक्षणाची तरतूद झाली नाही, तर जिल्ह्याच्या प्रत्येक आमदाराच्या दारात या लेकरांना घेऊन बसा.